दाण्यातले लोह ताटापर्यंत : पोषणसमृद्ध धान्यवाणांचा आढावा

पिकाच्या वाणातच लोह, जस्त, अ जीवनसत्त्व किंवा प्रथिने वाढवायची आणि रोजच्या भाकरी-भातातून ती माणसाला मिळवून द्यायची, या पद्धतीला जैवसमृद्धी म्हणतात. औषधाची गोळी किंवा आयोडीनयुक्त मीठ यांत पोषक द्रव्य बाहेरून घातलेले असते. जैवसमृद्ध वाणाचे रोप ते जमिनीतून शोषून घेते किंवा स्वतःच तयार करते आणि दाण्यात साठवते. बियाणे एकदा शेतकऱ्याच्या हाती पोचले, की पुढे ना कारखाना लागतो, ना वाटपाची वेगळी यंत्रणा. ज्या घरात औषधाच्या दुकानाची पायरी क्वचित चढली जाते आणि पोट मुख्यतः एकाच धान्यावर भरते, त्या घराचा विचार करून ही कल्पना उभी राहिली आहे.

भारतातील कुपोषणाचे स्वरूप पाहिले की या कल्पनेची गरज कळते. पोटभर खाऊनही शरीराला लोह, जस्त, आयोडीन, अ जीवनसत्त्व न मिळणे, म्हणजे छुपी भूक, ही आज उपासमारीपेक्षा कितीतरी जास्त घरांत आहे. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय होता. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५८.६ टक्के होते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत ते ५७ टक्के आढळले. महाराष्ट्रातील बालकांचा आकडा ६८.९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहूनही थोडा वाईट. याच राज्यात पाच वर्षांखालील दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मूल वयाच्या मानाने खुजे आहे. सगळाच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होतो असे नाही. ब-१२ आणि फॉलिक आम्लाची उणीव, जंत, मलेरिया, सिकलसेल हीही कारणे आहेत. तरीही लोहाची कमतरता हे त्यांतले एक मोठे कारण आहे आणि त्याचा थेट संबंध ताटातल्या धान्याशी आहे.

धान्यात ही द्रव्ये कमी का, याची कारणे अनेक आहेत. तांदळातले लोह मुख्यतः कोंड्यात असते, गिरणीत पांढराशुभ्र करताना ते निघून जाते आणि सडलेल्या तांदळात किलोमागे जेमतेम दोन मिलिग्रॅम लोह उरते. गहू, बाजरी, ज्वारी यांत लोह बरेच असले तरी त्याच दाण्यात फायटिक आम्ल असते. ते लोह आणि जस्त यांना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे आतड्यात त्यांचे शोषण थोडेच होते. जमिनीचाही हात आहे. देशात तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळते.

वाणांच्या इतिहासाचाही यात वाटा आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि प्रत्येक काळातील दाणे तेथे जपून ठेवलेले आहेत. त्यांच्या तपासणीत असे दिसले, की लोह, जस्त, तांबे आणि मॅग्नेशियम यांचे दाण्यातील प्रमाण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्थिर होते आणि बुटके, जास्त उताऱ्याचे वाण आल्यावर ते घटू लागले. मातीतली खनिजे मात्र कमी झालेली नव्हती. पैदासकारांनी उतारा वाढवला, दाण्यात काय भरते हे कोणी मोजले नाही. या कारणासाठी हरितक्रांतीला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण तेव्हा प्रश्न पोट भरण्याचा होता. पण मोजायचे राहून गेले, ते आता मोजावे लागत आहे. त्यात हवेतील कर्बवायूची भर पडली आहे. या शतकाच्या मध्याच्या सुमारास अपेक्षित असलेल्या कर्बवायूच्या पातळीवर गहू वाढवला, तेव्हा त्यातील जस्त ९.३ टक्क्यांनी आणि लोह ५.१ टक्क्यांनी कमी भरल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले.

दाण्यातील पोषण वाढवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला खतांचा. फिनलंडने १९८४ पासून रासायनिक खतांत सेलेनियम मिसळणे सुरू केले आणि तेथील लोकांच्या रक्तातील सेलेनियमची पातळी वाढली. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलिया भागात जस्तयुक्त खतांनी गव्हाचा उताराही वाढला आणि दाण्यातील जस्तही. पीक निसवल्यानंतर झिंक सल्फेटची फवारणी केली तर जस्त दाण्यात चांगले जाते. लोहाच्या बाबतीत हा मार्ग फारसा चालत नाही, कारण जमिनीत टाकलेले लोह लवकरच अविद्राव्य होऊन बसते. शिवाय दर हंगामात खर्च करावा लागतो आणि त्याचा लाभ खाणाऱ्याला, तर भार पिकवणाऱ्याला, अशी विभागणी होते.

दुसरा मार्ग निवड आणि संकराचा, तिसरा जनुक-अभियांत्रिकीचा. दुसऱ्या मार्गाने गेलेला पहिला मोठा प्रयत्न मक्यावर झाला आणि त्याची हकीकत पुढच्या सर्व प्रयत्नांना उपयोगी पडावी अशी आहे. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभी असे आढळले, की ‘ओपेक-२’ या उत्परिवर्तनात या दोन्हींचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. भारतानेही १९७१ मध्ये शक्ती, रतन आणि प्रोटिना हे वाण दिले. शेतकऱ्यांनी ते उचलले नाहीत. दाणा मऊ आणि खडूसारखा, त्यामुळे कीड लवकर लागे, कणीस कुजे, वजन कमी भरे. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात सुरिंदर वासल आणि एव्हांजेलिना विलेगास यांनी पुढची अनेक वर्षे खपून या मक्याला टणक दाणा आणि चांगला उतारा मिळवून दिला. त्या कामाला २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पौष्टिक वाण उताऱ्यात, रोगप्रतिकारात आणि साठवणुकीत कमी पडला तर तो शेतात टिकत नाही, हे तेव्हा सिद्ध झाले. अलमोड्याच्या कृषी संशोधन संस्थेने २००८ मध्ये दिलेला ‘विवेक क्यूपीएम ९’ हा संकरित मका याच परंपरेतला.

सूक्ष्म पोषकद्रव्यांसाठी जगभर संघटित काम सुरू झाले ते २००४ पासून, ‘हार्वेस्टप्लस’ या कार्यक्रमातून. अर्थशास्त्रज्ञ हॉवर्थ बुइस यांनी ही कल्पना त्याआधी दशकभर लावून धरली होती. त्यांना आणि नारिंगी रताळ्यावर काम करणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा व जॅन लो यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या कार्यक्रमाची खरी देणगी म्हणजे कामाचा क्रम. लोक ते धान्य रोज किती खातात, दळण-शिजवणीत किती द्रव्य टिकते, शरीरात किती शोषले जाते, हे आधी पाहायचे आणि मग पैदासकाराला लक्ष्य द्यायचे. बाजरीसाठी किलोमागे ७७ मिलिग्रॅम लोह, गव्हासाठी ३७ मिलिग्रॅम जस्त आणि तांदळासाठी २८ मिलिग्रॅम जस्त, अशी लक्ष्ये यातून ठरली. तांदळात लोहाऐवजी जस्त निवडले, कारण जगभरच्या तांदळाच्या संग्रहात पुरेसे लोह असलेला, सडल्यावरही ते टिकवणारा वाण सापडलाच नाही. पारंपरिक पैदास निसर्गात असलेल्या विविधतेपलीकडे जाऊ शकत नाही.

बाजरीत ती विविधता भरपूर निघाली आणि त्यामुळे या विषयातला भारतातील सर्वांत भक्कम अध्याय महाराष्ट्रात लिहिला गेला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशातून आलेल्या ‘इनियादी’ प्रकारच्या बाजरीतून आयसीटीपी ८२०३ हा टपोऱ्या दाण्याचा, लवकर येणारा वाण काढला होता. १९८८ मध्ये तो महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला आणि येथे चांगला रुजला. पुढे लोहासाठी वाण तपासताना लक्षात आले, की शेतकऱ्यांच्या ओळखीच्या या बाजरीतच लोह इतरांहून जास्त आहे. त्यातून आणखी निवड करून इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी जो सुधारित वाण तयार केला तो २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला आणि २०१४ मध्ये ‘धनशक्ती’ या नावाने देशभरासाठी अधिसूचित झाला. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असते. शेतकऱ्याला अनोळखी पीक किंवा अनोळखी दाणा स्वीकारावा लागला नाही, हे धनशक्तीचे मोठे बळ होते.

तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. धनशक्ती सुधारित वाण असल्याने शेतकरी घरचे बियाणे पुन्हा वापरू शकतो, पण उताऱ्यात ती संकरित वाणांच्या मागे राहते आणि महाराष्ट्रात बहुतांश शेतकरी दरवर्षी संकरित बियाणे विकत घेतो. लोहसमृद्ध संकरित वाण तयार करणे वेळखाऊ असते, कारण बाजरीत लोहाचा गुण दोन्ही पालकांकडून यावा लागतो, एका बाजूने आणून भागत नाही. वाणांच्या तपासणीतही काळजी लागते. मळणीच्या वेळी दाण्याला चिकटलेल्या मातीतही लोह असते आणि ती आकडा फुगवते. म्हणून दाण्यात ॲल्युमिनियम किती, हेही मोजतात; ते जास्त निघाले तर नमुन्यात धूळ आहे असे समजते. या साऱ्यातून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील केंद्राने एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ हे संकरित वाण दिले. दुसऱ्यात लोह किलोमागे ९१ मिलिग्रॅमपर्यंत जाते.

२०१८ मध्ये बाजरीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाने आणखी पुढचे पाऊल टाकले : नवा वाण प्रसारित व्हायचा असेल तर त्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे. या क्षेत्रातील सगळ्या निर्णयांत हा सर्वांत दूरदृष्टीचा म्हणावा लागेल. वेगळे ‘पौष्टिक’ वाण काढून ते विकत बसण्याऐवजी पौष्टिकता ही प्रत्येक वाणाची किमान अट झाली, आणि शेतकऱ्याला काही वेगळे निवडण्याची गरजच उरली नाही.

या बाजरीने शरीरात खरोखर फरक पडतो का? हिशेब असा मांडता येतो. दिवसाला २०० ग्रॅम पिठाची भाकरी खाल्ली तर साधारण बाजरीतून नऊ-साडेनऊ मिलिग्रॅम, तर धनशक्तीतून चौदा मिलिग्रॅम लोह मिळते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीची लोहाची सरासरी गरज दिवसाला १५ मिलिग्रॅम आहे आणि जवळजवळ सगळ्या स्त्रियांना पुरेल असे सुरक्षित प्रमाण २९ मिलिग्रॅम. म्हणजे भाकरीने गरजेचा मोठा भाग भागतो, सगळा नाही.

हिशेबापलीकडचा पुरावाही महाराष्ट्रातच मिळाला. निवासी शाळांतील १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी आणि शेव देण्यात आली; काहींना लोहसमृद्ध बाजरीची, काहींना साध्या बाजरीची. कोणाला कोणती, हे त्यांना माहीत नव्हते. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोह कमी होते, त्यांच्यापैकी लोहसमृद्ध बाजरी खाणारे ती कमतरता भरून काढण्याची शक्यता इतरांच्या १.६४ पट आढळली. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे याच मुलांच्या लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतही सुधारणा नोंदली गेली. याउलट मुंबईतील झोपडवस्त्यांत १२ ते १८ महिने वयाच्या बालकांवर केलेल्या प्रयोगात लोह आणि जस्ताच्या पातळीत एकंदर लक्षणीय फरक दिसला नाही. या वयाचे मूल खाते थोडे, आजारी पडते वारंवार, आणि जे खाते त्यात इतर पदार्थही असतात. जैवसमृद्ध धान्य मोठ्या मुलांना, किशोरींना आणि स्त्रियांना जितके उपयोगी पडते तितके ते दूध सुटू लागलेल्या बाळाला पडेलच असे गृहीत धरता येत नाही, हे या दोन प्रयोगांतून समजते. बाळासाठी धान्य हा पूरक उपाय आहे, मुख्य नव्हे.

दिल्लीत जस्तसमृद्ध गव्हाचे पीठ सुमारे सहा हजार स्त्रिया व मुलांना सहा महिने देण्यात आले, तेव्हा मुलांचे न्यूमोनियाने आजारी असण्याचे दिवस १७ टक्क्यांनी घटले, मात्र रक्तातील जस्ताच्या मोजणीत फरक दिसला नाही. मोझांबिकमध्ये नारिंगी रताळी खाणाऱ्या कुटुंबांत पाच वर्षांखालील मुलांमधील अतिसाराचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. एकूण पुरावा आशादायक आहे, पण प्रत्येक पीक आणि प्रत्येक वयोगट यांसाठी तो वेगळा तपासावा लागतो.

भारतातील इतर पिकांचे काम थोडक्यात सांगण्याजोगे आहे. गव्हात जस्तासाठी ‘डब्ल्यूबी ०२’ आणि पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘एचपीबीडब्ल्यू ०१’ हे वाण २०१७ मध्ये आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या बन्सी प्रकारच्या गव्हात १४.७ टक्के प्रथिने आणि किलोमागे चाळीस मिलिग्रॅमहून अधिक जस्त व लोह आहे. तो सुमारे १०२ दिवसांत आणि कोरडवाहू जमिनीत येतो, म्हणून दुष्काळी तालुक्यांना तो खास उपयोगी. तांदळात ‘डीआरआर धान ४५’ मध्ये जस्त २२.६ मिलिग्रॅमपर्यंत गेले, पण २८ चे लक्ष्य अजून लांब आहे. कटकच्या भात संशोधन संस्थेच्या ‘सीआर धान ३१०’ मध्ये प्रथिने १०.३ टक्के आहेत. ज्वारीत परभणीच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ दिली, तिच्यात लोह ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅम आहे. अडचण अशी, की ती खरिपाची, आणि महाराष्ट्राच्या ताटात येणारी भाकरी मुख्यतः रब्बीतल्या मालदांडीची. मालदांडीची चव, मऊपणा आणि कडबा सांभाळून लोह वाढवणारा वाण येईपर्यंत ज्वारीच्या पट्ट्यात खरा फरक पडणे कठीण आहे.

जनुक-अभियांत्रिकीचा मार्ग शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत पुढे जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दाखवले, की जनुके घालून सडलेल्या तांदळातही लोह १५ आणि जस्त ४५ मिलिग्रॅमपर्यंत नेता येते. पण गोल्डन राइसची कहाणी या मार्गाची अडचण सांगते. इंगो पोट्रिकस आणि पीटर बेयर यांनी २००० साली बीटा-कॅरोटिन असलेला हा पिवळा तांदूळ जगापुढे मांडला. २००५ मध्ये मक्याचे जनुक वापरून त्यातील प्रमाण कितीतरी वाढवण्यात आले. पहिल्या देशाने, फिलिपाइन्सने, त्याच्या व्यापारी लागवडीला परवानगी दिली ती २०२१ मध्ये, आणि एप्रिल २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती रद्द केली. भारतात जनुकबदल केलेल्या अन्नधान्याच्या लागवडीला अजून वाट मिळालेली नाही, त्यामुळे येथील सर्व जैवसमृद्ध वाण पारंपरिक पैदाशीतूनच आले आहेत. जनुकचिन्हांचा आधार घेऊन निवड करणे हे जनुकबदल नव्हे, हा फरक शेतकरी मेळाव्यांत आवर्जून सांगायला हवा.

वाण तयार होणे आणि ताटात पडणे यांत मोठे अंतर आहे. बीटा-कॅरोटिन असलेले रताळे रंगावरून ओळखता येते, लोह किंवा जस्त डोळ्यांना दिसत नाही. बाजार समितीत धनशक्तीचे पोते आणि साध्या बाजरीचे पोते एकाच ढिगात जाते आणि भाव एकच मिळतो. हमीभावातही पौष्टिकतेचा वेगळा विचार नाही. क्ष-किरण तंत्राने दाण्यातील लोह काही मिनिटांत मोजणारी यंत्रे आहेत, ती प्रयोगशाळांत आहेत, खरेदी केंद्रांवर नाहीत. दुसरीकडे बाजरीच ताटातून मागे सरते आहे. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, बीड या जिल्ह्यांत बाजरीची जागा मका, कापूस, सोयाबीन आणि कांद्याने घेतली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, त्यामुळे शहरातील घर ते भरून ठेवत नाही. दाण्यात लोह वाढवले आणि दाणाच खाल्ला गेला नाही, तर सारी मेहनत वाया जाते.

जैवसमृद्धीवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप पोषणतज्ज्ञांचाच आहे. कुपोषणाचे मूळ एकसुरी आहारात आहे. डाळ, पालेभाजी, फळ, दूध, अंडी-मासे घेण्याची ऐपत वाढवण्याऐवजी त्याच एका धान्यात चार खनिजे जास्त भरणे ही पळवाट ठरू शकते. आक्षेप खरा आहे आणि तो डोळ्यांआड करता कामा नये. पण मजुरी वाढून ताट बदलायला वर्षे लागतात, आणि आज तेरा वर्षांची असलेली मुलगी तेवढी वर्षे थांबू शकत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करण्याला पर्याय नाही. भाकरीबरोबर लिंबाची फोड, मोड आलेली उसळ, आंबवून केलेली आंबील हे स्वस्त उपाय लोहाचे शोषण वाढवतात आणि जेवणालगत घेतलेला चहा ते घटवतो. हे ज्ञान वाणाबरोबरच घरी पोचले पाहिजे.

सरकारचा मोठा भर अलीकडच्या वर्षांत बाहेरून पोषकद्रव्ये मिसळण्यावर राहिला आहे. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात तांदळात मिसळून तो रेशन, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहारात दिला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत वाढवली. ती वेगाने राबवता येते, पण खर्च दरवर्षीचा आहे, आणि वेगळे दिसणारे दाणे पाहून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आल्याची अफवा अनेक गावांत पसरली. जैवसमृद्ध धान्यात असा वेगळा दाणाच नसतो. तांदूळ खाणाऱ्या कोकण-विदर्भाला मिश्रणाची गरज राहील, पण बाजरीच्या पट्ट्यात दाण्यातच तयार असलेले लोह सोडून देण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रापुरते करायचे काम ठरलेले आहे आणि ते अवघड नाही. अंगणवाडी, आश्रमशाळा आणि निवासी वसतिगृहांसाठी घेतल्या जाणाऱ्या बाजरीत लोहाची किमान पातळी ही खरेदीची अट करावी, ती तपासण्याचे यंत्र जिल्हा पातळीवर द्यावे, त्या बाजरीला वेगळा भाव द्यावा आणि लोहसमृद्ध संकरित वाणांच्या बीजोत्पादनाची जबाबदारी महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाकडे सोपवावी. नंदुरबार, मेळघाट यांसारख्या आदिवासी भागांत मात्र बाजरीचा आग्रह न धरता तेथील लोक खातात त्या ज्वारी-भातापासून सुरुवात करावी. लोहसमृद्ध बाजरीचे वाण या राज्यात तयार आहेत आणि निवासी शाळेतील मुलांना त्यांचा उपयोग होतो, हे याच राज्यात २०१५ मध्येच सिद्ध झालेले आहे. खरेदीचा शासन निर्णय काढायला आणखी पुराव्याची वाट पाहण्याची गरज नाही.